विजासनची गुहा आणि आमची नोंदवही

आमच्या धर्मग्रामातील एक दांपत्य गेल्या वर्षी पवित्र भूमीची यात्रा करून परतले. येरुशलेम, बेथलेहेम, नाझरेथ या स्थळांचे दर्शन घेतल्यानंतर त्यांच्या यात्रासंघाने भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर दोन दिवस मुक्काम केला होता. संत पौल आणि संत बर्णबा यांच्या पहिल्या प्रेषितयात्रेने पावन झालेले हे बेट. एका रविवारी मिस्सानंतर त्या उभयतांनी धर्मग्रामाच्या सभागृहात तेथील छायाचित्रे दाखविली. डोंगरउतारावर एकमेकांना बिलगून बसलेली घरे, लाल कौले, दगडी पायवाटा, द्राक्षांचे मांडव असे ते सारे मोठे रमणीय होते. परंतु मुलांच्या मनात घर करून राहिले ते एका गुहेचे चित्र.

ती गुहा संत निओफितोस यांची. सायप्रसमधील लेफकारा या डोंगराळ गावी ११३४ च्या सुमारास शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. एकांताच्या ओढीने ११५९ साली ते पाफोसजवळच्या डोंगरात आले आणि तेथील एका नैसर्गिक कपारीला स्वतःच्या हातांनी खोदून त्यांनी निवास, वेदी आणि आपली कबरसुद्धा तयार केली. ११८३ साली त्या खडकावर रंगविलेली चित्रे आजही तेथे पाहावयास मिळतात. पण निओफितोस केवळ खोदत बसले नाहीत, त्यांनी लिहिलेही. ११९१ साली इंग्लंडचा राजा रिचर्ड याने ते बेट जिंकले, तेव्हा सामान्य जनतेवर कोसळलेल्या आपत्तीचे वर्णन त्यांनी करून ठेवले. आपल्या मठाची नियमावलीही लिहिली. म्हणून आठशे वर्षांनंतरही ती गुहा मुकी नाही. तेथे कोण राहत होते, त्याने काय भोगले, हे आपण जाणतो.

चित्रे संपली आणि पुढच्या रांगेतील एक मुलगा म्हणाला, “फादर, अशी गुहा आपल्याकडं असती तर किती मजा आली असती!”

आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. चंद्रपूरहून अवघ्या सव्वीस किलोमीटरवर भद्रावती आहे आणि भद्रावतीच्या विजासन टेकडीत अशी गुहा आहे. तीही निओफितोसांच्या कित्येक शतके आधीची. “विजासन कुणी कुणी पाहिलं आहे?” असे आम्ही विचारले. वर आलेले हात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. खरे सांगायचे तर आम्हीही तेथे एकदाच, तेही घाईघाईत, जाऊन आलो होतो. सायप्रसचा डोंगर आम्हाला ओळखीचा झाला होता आणि अंगणातली टेकडी परकी राहिली होती. त्याच बैठकीत सहल ठरली.

तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही निघालो. एक बस, दोन जीपगाड्या आणि बेचाळीस माणसे. त्यांत केरळातून आलेली कुटुंबे होती, तेलुगूभाषक होते, येथल्या मातीतले मराठी श्रद्धावंत होते आणि दोन गोंड कुटुंबेही होती. जानेवारीतला गारठा आणि धुके. पडोली मागे पडली, ताडाळी गेली, घोडपेठ आले. रस्त्याच्या कडेने कोळशाचे ट्रक ओळीने उभे होते. या जिल्ह्यात जमिनीखाली कोळसा आणि जमिनीवर जंगल. बाहेरच्या माणसाला याखेरीज तिसरे काही दिसत नाही. पण या दोहोंच्या मध्ये इतिहासाचा एक जाड थर आहे आणि तो भद्रावतीइतका उघडा क्वचितच कोठे पडलेला असेल.

गावाच्या नावापासूनच प्रारंभ करावा. जुने लोक त्याला भांदक म्हणतात. रेल्वेस्थानकाचे नावही तेच आहे. जैमिनीच्या अश्वमेधकथेत भद्रावती नगरीचा राजा यौवनाश्व याच्याकडून भीमाने श्यामकर्ण घोडा आणला, असे वर्णन येते. ती नगरी म्हणजे हीच, अशी येथील जनतेची दृढ समजूत. यौवनाश्वाचे लोकांच्या तोंडी ‘जोबनास’ झाले आणि जवळच्या गवराळ्याच्या टेकडीवरील पडक्या लेण्यांना जोबनासाचा वाडा म्हणू लागले. कथा ही इतिहास नव्हे. पण गाव आपल्या अवशेषांकडे कुतूहलाने पाहत होते, त्यांना नावे देत होते, एवढे तरी ती निश्चित सांगते.

चिनी यात्रेकरू युआन श्वांग सातव्या शतकात भारतात आला होता. त्याने दक्षिणेकडील कोसल देशाचे वर्णन केले आहे. तेथील राजा क्षत्रिय असून बुद्धाच्या धर्माला मान देणारा आहे, देशात सुमारे शंभर विहार, दहा हजारांच्या आसपास भिक्षू आणि देवतांची सत्तर मंदिरे आहेत, असे तो लिहितो. ही राजधानी कोठली? पुरातत्त्वखात्याचे आद्य प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७१ साली चांद्याच्या बाजूने कौल दिला. फर्ग्युसन यांनी आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले वैरागड पुढे केले. आज बहुतेक अभ्यासक छत्तीसगडमधील सिरपूरकडे बोट दाखवितात. म्हणजे ज्या मानाच्या दोन खुर्च्या आपल्या या अरण्यप्रदेशात मांडल्या गेल्या होत्या, त्या पुढे उचलून नेण्यात आल्या.

अशीच दुसरी गोष्ट एका शिलालेखाची. नागपूरच्या संग्रहालयातील एक लेख पुष्कळ काळ भांदकचा म्हणून प्रसिद्ध होता. भवदेव रणकेसरी या राजाच्या काळातील या लेखात एका जुन्या बुद्धमंदिराच्या जीर्णोद्धाराची हकिकत आहे. विजासनच्या गुहेला अगदी शोभून दिसावा असाच तो लेख! परंतु रायबहादूर हिरालाल यांनी तो दगड मुळात छत्तीसगडातील आरंगचा असल्याचे साधार दाखविले. दगड एका गावाहून दुसऱ्या गावी नेला गेला आणि कोठून आला याची नोंद नीट राहिली नाही, एवढ्याने भल्याभल्या विद्वानांची फसगत झाली. बसमध्ये हे सांगितले तेव्हा कोणीतरी मागून म्हणाले, “म्हणजे आपल्या भद्रावतीचा एक दाखला गेलाच की, फादर.” गेला खरा. पण गावाविषयी प्रेम असावे आणि ते सत्याला धरून असावे. जे आपले नाही ते सोडून दिल्याने जे आपले आहे त्याची किंमत वाढते. भांदक येथे सापडलेला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा ताम्रपट कोणी हिरावून घेऊ शकलेले नाही. त्यावर शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२ हे वर्ष आहे आणि सूर्यमंदिराला दिलेल्या दानाचा त्यात उल्लेख आहे.

साडेनऊच्या सुमारास आम्ही विजासन टेकडीच्या पायथ्याशी उतरलो. टेकडी फार उंच नाही. आमच्या सर्वांत वयस्क अम्मच्चीसुद्धा नातवाचा हात धरून सावकाश वर आल्या. गुहेचे तोंड दिसले आणि मुलांचा गलका आपोआप थांबला. समोर एक लांब मार्गिका सरळ खडकाच्या पोटात शिरते. कनिंगहॅम यांनी ती मोजली तेव्हा एकाहत्तर फूट भरली होती. तिच्या टोकाशी गर्भगृह आणि तेथे बैठकीवर विराजमान झालेली बुद्धाची भव्य मूर्ती. या मुख्य मार्गिकेला काटकोनात उजवीकडे आणि डावीकडे अशा आणखी दोन मार्गिका फुटतात. प्रत्येकीच्या अंती पुन्हा गर्भगृह, पुन्हा मूर्ती. या लेण्यांचा आरंभ सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, म्हणजे दुसऱ्या शतकात झाला, असे मानण्यात येते. बुद्धाची मूर्ती घडवून पूजण्याची रीत येथे बळावली ती त्यानंतरची. बाहेरच्या प्रकाशातून आत गेल्यावर प्रथम काहीच दिसत नाही. हळूहळू डोळे सरावतात, मग भिंतीवरील छिन्नीचे घाव दिसू लागतात आणि सर्वांत शेवटी अंधारातून ती शांत मुद्रा उमटते.

पादत्राणे काढण्याच्या वेळी आमच्या एका धर्मशिक्षणवर्गातील मुलीने विचारले, “फादर, इथं आपण चपला काढायच्या का? हे तर आपलं देऊळ नाही.”

प्रश्न प्रामाणिक होता आणि तो तिच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मोठ्या माणसांच्याही मनात होता. आम्ही तिला जळत्या झुडपापुढे उभ्या असलेल्या मोशेची आठवण दिली. त्यानेही पायांतील वहाणा काढल्या होत्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी अन्य धर्मांविषयीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असा त्याचा आशय आहे. आपण येथे आराधना करण्यास आलो नव्हतो, आपला प्रभू कोण हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्यांनी सारे सोडून या खडकात परमसत्याचा शोध घेतला, त्यांच्या दाराशी पाहुण्याने पाहुण्यासारखे यावे. मुलीने चपला काढल्या. तिच्यामागून सर्वांनी काढल्या.

आतमध्ये एक बौद्ध कुटुंब मेणबत्त्या लावून बसले होते. त्यांची प्रार्थना संपेपर्यंत आम्ही बाजूला उभे राहिलो. शुभ्र साडी नेसलेल्या एक वृद्ध बाई उठून आमच्यापाशी आल्या आणि आपण कोठून आलात म्हणून विचारू लागल्या. बोलता बोलता त्यांनी सांगितले की १९५६ साली त्या लहान होत्या. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर चंद्रपूरला आले आणि १६ ऑक्टोबरला येथेही दीक्षेचा सोहळा झाला. “मी बाबांच्या खांद्यावर होती,” बाई म्हणाल्या. “मला स्वतःला काही आठवत नाही. पण बाबांनी जे सांगितलं ते सारं पाठ आहे.”

त्यांचे हे बोलणे आमच्या मनात दिवसभर घोळत राहिले. या गुहेत शतकानुशतके भिक्षू राहिले. पहाटे उठून त्यांनी ध्यान केले असेल, भिक्षेसाठी खालच्या नगरात फेरी घातली असेल, पावसाळ्याचे चार महिने येथेच काढले असतील. पण त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला सांगता येत नाही. पुढे राजाश्रय आटला, नगर ओस पडले, विहार रिकामे झाले. दगड राहिला, बोलणारा कोणी उरला नाही. आणि मग दीर्घ काळानंतर त्याच जिल्ह्यातील हजारो उपेक्षित माणसे आपल्या मुक्तीच्या मार्गावरून चालत पुन्हा या मूर्तीपाशी आली. रिकाम्या घराला वारस मिळाले. पण मधल्या काळातील मौन मात्र आता कोणालाही भरून काढता येणार नाही.

टेकडीवरून उतरून आम्ही डोलारा तलावाकडे गेलो. या तलावातील बेटाला काठाशी जोडणारा एक प्राचीन पूल आहे. दगडी खांबांच्या दोन रांगा आणि त्यांवर टाकलेल्या अवजड दगडी तुळया; चुना नाही, कमान नाही. लांबी सुमारे एकशे छत्तीस फूट, रुंदी सात फूट. काठावर जाळे विणत बसलेल्या एका वृद्ध ढिवराला आम्ही विचारले, “बाबा, हा पूल कुणी बांधला?” तो हसून म्हणाला, “आमच्या आज्यालेबी मालूम नव्हतं, साहेब. पन त्यो पुलावरूनच जात होता.” ज्याने बांधला त्याचे नाव गेले. ज्याच्या उपयोगी पडला त्याने तो सांभाळला.

दुपारी झाडाखाली डबे उघडले. वांग्याची भाजी, पुऱ्या, लिंबाचे लोणचे, कोणाच्या डब्यातून आलेले अप्पम. भोजनोत्तर भद्रनागाचे मंदिर बाहेरून पाहिले. आजची वास्तू जुन्या मंदिरांच्या दगडांतून पुन्हा उभारलेली आहे. भिंतींतून निरनिराळ्या काळांतील कोरीव शिळा डोकावतात. नागपंचमीला येथे मोठी गर्दी लोटते. तेथून जैन मंदिर. विसाव्या शतकाच्या प्रारंभी येथील रानात मातीत अर्धी गाडलेली पार्श्वनाथांची मूर्ती जैन बांधवांच्या लक्षात आली आणि तिच्याभोवती आजचे भव्य तीर्थक्षेत्र उभे राहिले. तोवर आसपासचे ग्रामस्थ आपल्या समजुतीप्रमाणे तिला शेंदूर लावीत, नवस बोलत. नाव चुकीचे असेल, पण मूर्ती जपली गेली. गवराळ्याच्या टेकडीवर गणपती आहे. एका दिवसाच्या पायी फेरीत बौद्ध, जैन, शैव, वैष्णव आणि लोकदेवता अशी सारी कुळे येथे भेटतात. कोणी कोणाचे दगड वापरले, कोणी कोणाची मूर्ती सांभाळली, याचा हिशेब फार गुंतागुंतीचा आहे. कलह झालेच नसतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु आज जे उरले आहे, ते बहुतांशी ज्यांचे नव्हते त्यांनी सांभाळले म्हणून उरले आहे.

येथे एक सवाल उभा राहतो आणि तो आमच्या स्वतःच्या दारात येऊन थांबतो. या प्रदेशातील कॅथलिक समाजाचा इतिहास आज कोठे आहे?

त्याची ढोबळ रूपरेषा सर्वांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सच्या सीमेवरील सव्हॉय प्रांतातून संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरू मध्य भारतात आले. १८८७ साली नागपूर धर्मप्रांताची स्थापना झाली. पुढे ३१ मार्च १९६२ रोजी चांदा हे स्वतंत्र मिशनक्षेत्र म्हणून सी.एम.आय. संघाच्या धर्मगुरूंकडे सोपविण्यात आले. संत तोमाच्या परंपरेतील सिरो-मलबार ख्रिस्तसभेला केरळबाहेर मिळालेले हे पहिले मिशनक्षेत्र. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला, बल्लारपूर हे त्याचे केंद्र ठरले. १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. हा झाला तारखांचा सांगाडा. पण त्यावरील मांस कोठे आहे? पहिली मिस्सा कोणाच्या ओसरीवर झाली, नदीला पूर आला असता धर्मभगिनींना कोणत्या नावाड्याने पार नेले, मराठीतली पहिली प्रार्थना कोणी शिकविली आणि ती शिकताना कोणते शब्द अडले, हे कोणत्याही पत्रात वा अहवालात सापडत नाही. ते माणसांच्या मनांत आहे आणि ती माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

या बाबतीत दोष द्यायचा तर तो प्रथम आम्हालाच. पुष्कळ वर्षांपूर्वी अरण्यातील एका मिशनकेंद्रावर आम्ही सेवेस होतो. तेथील सर्वांत जुनी स्नानसंस्काराची नोंदवही लाकडी कपाटात होती. पावसाळ्यापूर्वी ती पत्र्याच्या पेटीत ठेवावी, तिची प्रत करून घ्यावी, असे मनात येई आणि उद्यावर जाई. पावसाळा संपल्यावर कपाट उघडले तेव्हा पुठ्ठ्याच्या आत वाळवीने केलेले मातीचे घर होते. पाने हाताला लागताच भुगा झाली. त्यानंतर काही महिन्यांनी एक आदिवासी तरुणी आपल्या विवाहासाठी स्नानसंस्काराचा दाखला मागण्यास आली. चार कोसांवरून ती पायी आली होती. “फादर, वहीत माझं नाव आहे, आई सांगते,” ती म्हणाली. आम्ही तिला काय दाखविणार होतो? धर्मशास्त्रानुसार अशा प्रसंगी एका विश्वसनीय साक्षीदाराची साक्ष पुरते. तिच्या स्नानसंस्काराला हजर असलेल्या एका मावशी शोधून काढल्या, त्यांनी साक्ष दिली, विवाह पार पडला. दुसऱ्या वर्षी त्या मावशी निवर्तल्या. तरुणी एक वर्ष उशिरा आली असती तर? तिचे नाव देवाच्या दरबारी होतेच. आमच्या कपाटात मात्र ते राहिले नव्हते.

निओफितोसांच्या गुहेत आणि विजासनच्या गुहेत आम्हाला जाणवलेला भेद एवढाच. एकीचा रहिवासी लिहून गेला, ते लिखाण जपले गेले. दुसरीच्या रहिवाशांनी लिहिलेही असेल, पण ते कोणी जपले नाही. यात कोणत्याही धर्माची थोरवी वा न्यूनता नाही. वाळवी धर्म विचारीत नाही.

परतीच्या प्रवासात सूर्य मावळतीला आला होता. मुले दमून झोपी गेली. तेव्हा साठच्या दशकात भद्रावतीच्या आयुधनिर्माणीत नोकरीसाठी आलेले एक आजोबा, जे दिवसभर फारसे बोलले नव्हते, ते आपणहून सांगू लागले. कारखान्याच्या वसाहतीतील दोन खोल्यांचे घर, तेथे महिन्यातून एकदा येणारे धर्मगुरू, वेदी म्हणून वापरलेला जेवणाचा टेबल, मेजवस्त्र म्हणून पत्नीची लग्नातील पांढरी साडी. शेजारच्या मराठी कुटुंबाने पहिल्या नाताळाला करंज्या पाठविल्या आणि तेव्हापासून दिवाळीला यांच्याकडून केळ्याचे वेफर्स जाऊ लागले. बसमधील तरुण मंडळी माना वळवून ऐकत राहिली. आजोबांच्या सख्ख्या नातवाने विचारले, “आजोबा, हे तुम्ही आम्हाला कधीच का नाही सांगितलं?” आजोबा म्हणाले, “तुम्ही विचारलंच नाही.”

त्या आठवड्यात आम्ही दोन जाड वह्या आणून धर्मग्रामाच्या कार्यालयात ठेवल्या. युवक-युवतींनी जोडीजोडीने घरोघरी जाऊन वडीलधाऱ्यांना बोलते करावे, जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव घालावे, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणावे, असे ठरले. आरंगच्या दगडाचा धडा सर्वांना पक्का समजला आहे. प्रत्येक पानाची एक प्रत वेगळ्या ठिकाणी राहील आणि दोन्ही वह्या लोखंडी कपाटात. आजवर सतरा घरांच्या नोंदी झाल्या आहेत. गोंड कुटुंबातील एका आजीने आपल्या गावी पहिले धर्मगुरू सायकलवरून आले तो दिवस सांगितला; ती नोंद तिच्या नातीने गोंडीत आणि मराठीत, अशी दोन्ही भाषांत लिहिली आहे.

वाचकहो, आपल्याही धर्मग्रामात असे आजोबा आणि अशा आजी असतील. हा अंक मिटला की त्यांच्याकडे जा. जाताना एक वही आणि पेन बरोबर असू द्या.